पाशाच्या अंगणातली जाहा

गुरुवारी सकाळी एक पिकअप पाशाच्या अंगणात येऊन थांबली आणि तिच्यातून प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या उतरायला लागल्या. दैफल्लाह पाशा बनियनवरच बाहेर आला.

"कुणी मागवल्या या?"

"हातिमसाहेबांनी. दोनशे आहेत. तंबू मागच्या गाडीत येतोय," गाडीवाला म्हणाला. "उद्या जाहा आहे ना तुमच्याकडे, पाशा?"

"मी कुणाला हो म्हटलंय?"

सिद्रा गावात पाशाचा आवाज चढला की लोक उत्तर देत नसत, हातातलं काम दुप्पट वेगानं करायला लागत. खुर्च्या धडाधड उतरल्या.

पाशानं मुलाला फोन लावला. हातिम अम्मानमध्ये वकील, आणि या खेपेला संसदेच्या निवडणुकीला उभा. "बाबा, तुम्ही आधी शांत व्हा," हे त्याचं पहिलं वाक्य. हल्ली त्याची सगळी वाक्यं अशीच सुरू व्हायची. "शिब्ली बे स्वतः येतायत. माजी मंत्री! दीडशे माणसं घेऊन. तुम्हाला फक्त दोन शब्द बोलायचेत. 'कॉफी प्या.' झालं. खालच्या आळीची सगळी मतं आपली."

"आणि फिद्दाचा हात?"

"आत्याचा हात काय आता परत येणार आहे का?"

पाशानं फोन बंद केला आणि समोरच्या खुर्चीला सणसणीत लाथ घातली. खुर्ची उलटी पडली. गाडीवाल्यानं ती मुकाट्यानं सरळ करून ठेवली.

झालं होतं ते असं. नऊ दिवसांपूर्वी बारावीचा निकाल लागला आणि खालच्या आळीतल्या मुफ्लेहचा मुलगा बावन्न टक्क्यांनी पास झाला. बावन्न! तेवढ्यावर त्याला कुठल्या कॉलेजचा शिपाईसुद्धा फाटकात उभा करणार नव्हता. पण बापाच्या पोटात आनंद मावेना. तो रायफल घेऊन गच्चीवर गेला आणि अख्खं मॅगझिन आभाळात रिकामं करून खाली आला. हा मुफ्लेह शाळेत गणिताचा मास्तर. वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येणार, एवढं साधं गणित मास्तराला सुटलं नाही. तिथून तीन घरं पलीकडे पाशाची बहीण फिद्दा तिच्या गच्चीवर उन्हात मांडलेले जमीदचे, म्हणजे घट्ट ताकाचे, गोळे उलटत होती. वय एकाहत्तर. गोळी उजव्या खांद्यातून शिरली आणि काखेपाशी जाऊन अडकली. डॉक्टरांनी गोळी काढली, जीव वाचवला. हात वाचला नाही. तो जागेवर होता, पण नुसता लोंबत होता.

मुफ्लेह कोठडीत गेला. जखमी माणसाच्या घरच्यांनी आपला हक्क सोडला, तर तो सुटणार होता. त्यासाठीच जाहा. दहा गावची वजनदार माणसं जमवायची, एका मोठ्या माणसाला पुढं घालायचं आणि घरच्यांच्या दारात जाऊन बसायचं. घरचे कॉफी ओततात. म्होरक्या आपला पेला तसाच खाली ठेवतो आणि म्हणतो, मागायला आलो ते मिळाल्याशिवाय आम्ही पिणार नाही. मग घरचा कर्ता म्हणतो, "प्या, दिलं." देवासाठी दिलं, पैगंबरासाठी दिलं, राजासाठी आणि दारात आलेल्या माणसांसाठी दिलं. दीडशे पेले एकदम उचलले जातात. या जागी कुणी दुसरं काही म्हटल्याचं पाशानं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आणि पाशाला कोण शिकवणार? निवृत्तीनंतरच्या सोळा वर्षांत त्यानं दुसरा धंदा तरी काय केला होता? हवाई दलातून मेजर जनरल म्हणून, बड्या अधिकाऱ्यांना लागणारी 'पाशा' ही उपाधी घेऊन बाहेर पडला, विमानं सुटली, आणि हाताशी राहिला एक काळा कोट, छातीवरच्या फिती आणि खणखणीत आवाज. जाहाच्या म्होरक्याला एवढंच लागतं. कुणाला मुलगी मागायची असली की पाशा. कुणाच्या ट्रॅक्टरखाली माणूस मेला की पाशा. "मला भाड्यानं नेतात गं," तो बायकोकडे चिडचिड करायचा, "खुर्च्या नेतात तसं." आणि कोटाची धूळ झटकून जायचा. समोर बसलेल्या बापाचा जबडा आवळलेला दिसायचा, "प्या" म्हणताना त्याचा आवाज चिरकायचा, आणि पाशा कॉफी एका घोटात संपवून, आता पुरे म्हणून पेला हलवायचा. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणायचा, "समजूतदार माणूस."

मूळचा तो सिद्राचाच. बाप शेळ्यावाला, वर थोडं जवाचं शेत. शाळा होती ती कराकला, आणि बापानं एका पोराला पाठवायचं ठरवलं. कुठल्या, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. फिद्दा दोन वर्षांनी मोठी आणि डोक्यानं तिप्पट तल्लख, पण तिच्या हातात काठी आली आणि ह्याच्या हातात दप्तर. दर गुरुवारी ती बारा किलोमीटर चालत रोट्या, तूप आणि ऑलिव्ह घेऊन कराकला जायची. किल्ल्याच्या तटाखाली बसवून त्याच्याकडून आठवड्याचे धडे म्हणवून घ्यायची. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण तो अडखळला की तिला बरोबर कळायचं, आणि पाठीत असा धपाटा बसायचा की पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडावं. हवाई दलाच्या परीक्षेत पाशा पहिला आला तो या धपाट्यांवर, हे त्यानं नंतर कुठल्याही भाषणात सांगितलं नाही.

अठराव्या वर्षी भरती. विसाव्या वर्षी तो सिद्रावरून पहिल्यांदा विमान घेऊन गेला, इतक्या खालून की मशिदीचा मुल्ला भुईसपाट झोपला. फिद्दाच्या शेळ्या चहूकडे उधळल्या आणि दोन दिवस ती त्या गोळा करत हिंडत होती. तिनं दुकानदाराकडून चिठ्ठी लिहवून पाठवली: पुन्हा आलास तर दगडानं पाडीन. ती चिठ्ठी पाशा कित्येक वर्षं खिशात घेऊन उडत होता.

मग सदुसष्टचं युद्ध आलं. जूनच्या पाच तारखेला मफ्रकच्या तळावर शत्रूच्या हवाई हल्ल्यात त्याचं विमान जमिनीवरच जळालं. चाकं हललीसुद्धा नव्हती. एकवीस वर्षांचा दैफल्लाह खंदकात पालथा पडून स्वतःची बाही चावत होता, आणि तेव्हा त्याच्या अंगात जो संताप शिरला तो पुढं कधी निघालाच नाही. लोक म्हणत, पाशा तापट आहे. तापट नव्हे, तो माणूस आतून जळकाच होता.

त्या संतापानं त्याला चांगला शिक्षक केलं. नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा, "वैमानिकाला सगळ्यात आधी 'नाही' म्हणता आलं पाहिजे. तपासणीच्या कागदावरची एक खूण कमी असली तरी नाही. वरिष्ठ ओरडला तरी नाही. ज्याला हे जमत नाही त्यानं बस चालवावी." आणि तो नुसता बोलत नव्हता. एकदा चाकाच्या खोबणीत तेलाचे चार थेंब दिसले म्हणून त्यानं एका मंत्र्याचं विमान दोन तास अडवून ठेवलं होतं. मंत्री लालबुंद होऊन शिव्या देत होता, आणि हा विमानापुढं हाताची घडी घालून उभा. हा किस्सा त्यानं सिद्रात इतक्या वेळा सांगितला, की गावातली पोरं त्यातले मंत्र्याचे संवाद मंत्र्याच्या आवाजात म्हणून दाखवत.

एक गोष्ट मात्र तो कधीच सांगायचा नाही. फिद्दाचं लग्न चुलत्याच्या मुलाशी, औदेशी झालं होतं. औदे साधा माणूस, हसरा, गाढवाशीसुद्धा सभ्यपणे बोलणारा. चौऱ्याहत्तर साली कराकच्या रस्त्यावर एका भरधाव गाडीनं त्याला उडवलं. गाडी चालवणारा तरुण होता, आणि प्यायलेला होता. आणि तो मिथगाल पाशाचा पुतण्या होता. मिथगाल पाशा म्हणजे दैफल्लाहच्या तळाचा प्रमुख.

चौथ्या दिवशी जाहा आली. पुढं खुद्द मिथगाल पाशा, गणवेशात. दैफल्लाहचा बाप तेव्हा अर्धांगानं पडून होता. भाऊबंद म्हणाले, घराण्यात अधिकारी तूच, तूच बोल. तीस वर्षांची फिद्दा दोन वर्षांच्या नौफाला मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसली होती. तिला विचारायला कुणी आत गेलं नाही. मिथगाल पाशानं पेला खाली ठेवला, आणि अठ्ठावीस वर्षांचा कॅप्टन दैफल्लाह उठून म्हणाला, "प्या, सर." नुसतं म्हणाला असता तरी एक वेळ चाललं असतं. सवयीनं त्यानं टाचा जुळवल्या.

चार महिन्यांनी पुढच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवायच्या यादीत त्याचं नाव आलं. नाव गुणांवर आलं होतं की त्या पेल्यावर, हे त्यानं कुणाला विचारलं नाही. तिथून परत आल्यावर तुकडीचा प्रमुख झाला, मग तळाचा, मग मुख्यालयात मोठ्या टेबलामागं बसला. फिद्दानं औदेच्या शेळ्या सांभाळल्या, नौफाला वाढवलं, लग्न करून दिलं. भावाकडे दर उन्हाळ्यात जमीद पाठवत राहिली आणि त्या दिवसाबद्दल एका शब्दानं बोलली नाही. ती विसरली असं पाशा धरून चालला. असं धरून चालणं फार सोयीचं असतं.

खुर्च्यांची गाडी गेली तसा पाशा आपली जुनी मर्सिडीज काढून कराकच्या इस्पितळात गेला. बायकांच्या वॉर्डात फिद्दा उशीला टेकून डाव्या हातानं मसुराचं कढण पीत होती. निम्मं अंगावर सांडत होतं, आणि नौफानं चमच्याला हात लावला की तिला फटकारत होती.

"आलास? बस. खुर्ची नाही इथं, पलंगावरच बस. तुझ्याकडं म्हणे दोनशे आल्यात."

"तुला कुणी सांगितलं?"

"अख्ख्या वॉर्डाला माहितीये. त्या कोपऱ्यातल्या म्हातारीचा जावईच तंबूवाला आहे."

कोपऱ्यातल्या म्हातारीनं पाशाकडे बघून मान हलवली. पाशा भडकलाच होता, आता पेटला. "हातिमनं परस्पर ठरवलं सगळं! मी त्यांना एक घोट पिऊ देणार नाही. त्या मास्तरड्याला तर सडवतो मी आत! माझ्या बहिणीवर गोळी घालतो आणि वर—"

"आवाज खाली. माणसं आजारी आहेत इथं." फिद्दानं वाडगा नौफाकडे दिला. "हे तू मला इथं सांगतोयस. उद्या तंबूत काय सांगशील?"

गेले नऊ दिवस पाशा घर डोक्यावर घेऊन ओरडत होता ते याचसाठी. उद्या आपण उठून "प्या" म्हणणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"हे बघ फिद्दा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुला रीत माहितीये. दीडशे माणसं दारात. शिब्ली बे येतोय. हातिमची निवडणूक..."

"मला विचारायला आलास की सांगायला?"

"विचारायला."

"मग विचार ना."

एकोणसत्तर वर्षांच्या मेजर जनरलला ते विचारता येईना. त्यानं कॉलर सैल केली, खिडकीकडे बघितलं, कोपऱ्यातल्या म्हातारीकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "तुझं काय म्हणणं आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. हात माझा आहे, मी सोडत नाही. त्यानं कोर्टात उभं राहावं, न्यायाधीश सांगेल ते भोगावं. त्याच्या बायकोला सांग, घरात कमावता नाही तोवर पोरांना माझ्याकडे जेवायला पाठव, नौफा घालील. पोरांशी माझं भांडण नाही. पण माफी नाही."

"लोक काय म्हणतील?"

"औदेच्या वेळी काय म्हणाले? समजूतदार म्हणाले तुला. मी खिडकीमागंच होते, दैफा. टाचा जुळवल्यास ना, तो आवाज ऐकला मी."

एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. नौफा वाडगा हातात धरून तशीच उभी राहिली.

"मी अठ्ठावीस वर्षांचा होतो," पाशा म्हणाला. "तो माझा वरिष्ठ होता. आणि जाहाला नाही म्हणता येत नसतं गं. मलाच काय, कुणालाच येत नसतं. अल्लाची शपथ."

"मंत्र्याचं विमान अडवलंस म्हणे."

"ते वेगळं. ते काम होतं माझं."

"हो का? आणि हे कुणाचं होतं?"

आता पाशाचा तोल गेला. "चाळीस वर्षं तोंड मिटून बसलीस, आणि आज मला—"

"तू विचारलंस कधी?" फिद्दाचाही आवाज चढला, आजारी माणसांचं तिला आता काही नव्हतं. "एकदा तरी? जमीद खारट झालं की फोन करायचास. औदेबद्दल केलास कधी? माझा नवरा रस्त्यावर मेला आणि तू त्याची कॉफी करून वाटलीस! आणि मी तरी मूर्ख, तुला जमीद पाठवत बसले." ती धापा टाकायला लागली. नौफानं पाणी पुढं केलं, ते तिनं बाजूला सारलं. "उद्या तुला जमणार नसेल तर आत्ता सांग. मी उठते, नौफाला घेऊन येते, आणि दीडशे मिशांपुढं उभी राहून मीच सांगते. मग तुझं काय नाव व्हायचं ते होऊ दे."

पाशा उठून वॉर्डाबाहेर पडला. जिन्यात एका पोरसवदा शिपायानं त्याला सलाम ठोकला, तो त्यानं घेतलासुद्धा नाही.

शुक्रवारी दुपारची नमाज झाली आणि गाड्या यायला लागल्या. अंगणात तंबू ताणलेला, त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर खुर्च्या. काळे कोट, पुरुषांच्या पायघोळ तपकिरी अबाया, लाल-पांढरे रुमाल, अत्तराचा घमघमाट. हातिम सगळ्यांचे हात हातात घेत, मिठ्या मारत फिरत होता. मतदार आणि पाहुणा यांत तो फरक करत नव्हता. सगळ्यात शेवटी मुफ्लेहचा म्हातारा बाप आला आणि खाली मान घालून रांगेच्या टोकाला बसला. त्याला बघून पाशाला कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. आणतातच म्हाताऱ्याला अशासाठी! त्यानं स्वतः किती म्हातारे असे रांगेच्या टोकाला आणून बसवले होते.

कॉफी ओतली गेली. शिब्ली बेनं पेला घेतला, क्षणभर धरला आणि समोरच्या तिवईवर ठेवला.

शिब्ली बे बोलायला उठला. आवाज तुपात घोळलेला. त्यानं देवाचं नाव घेतलं, राजाला आयुष्य मागितलं, पाशाच्या घराण्याची सात पिढ्यांची थोरवी गायली. मग हसून म्हणाला, "माणूस आनंदाच्या भरात असतो, हात उठतो. कुणाचा उठत नाही? याच अंगणात हातिमचं लग्न झालं, तेव्हा आपल्या पाशांच्या पिस्तुलानंही तीन वेळा मुबारक म्हटलं होतं. मी होतो की इथं!" तंबूत बेताचं हसू पसरलं. "पाशा, मुफ्लेहची चूक मोठी आहे. पण तुमचं मन त्याहून मोठं आहे. आम्ही मागायला आलोय. आमची कॉफी निवतेय."

पाशा उठला. हातिमनं डोळ्यांनी खूण केली: दोन शब्द.

"तीन गोळ्या झाडल्या होत्या मी," पाशा म्हणाला. "शिब्ली बे खोटं बोलत नाहीत. त्या कुठं पडल्या, मला आजपर्यंत माहीत नाही. तीस वर्षं विमानं उडवली मी, खाली काय येतं ते मला कळत होतं, आणि तरी झाडल्या. कुणाची बहीण खाली नव्हती, हे माझं नशीब. त्या दिवशी कुणीतरी माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

हसू विरलं.

"मीही अशा पुष्कळ दारांत बसलोय. तुमच्यातले निम्मे माझ्याबरोबर होते. आपण पेला खाली ठेवायचो, आणि समोरच्याला पळायला वाट ठेवायचो नाही. आणि वर त्याला समजूतदार म्हणायचो!" त्याचा आवाज आता तंबूबाहेर रस्त्यापर्यंत जात होता. "गोळी मला लागलेली नाही. हक्क माझा नाही. फिद्दा जिवंत आहे, शुद्धीवर आहे, तिला बोलता येतं. मी तिला विचारलं. ती नाही म्हणते. म्हणून नाही."

कुणाला आधी कळलंच नाही. मग एकदम कालवा झाला. कुणी देवाचा धावा करत "लाहौल" म्हणत उठलं, कुणी खुर्ची मागं सारली. हातिम "बाबा!" म्हणून पुढं आला. शिब्ली बेनं हात वर करून सगळ्यांना बसवलं आणि तुपातला आवाज आणखी पातळ केला. "पाशा, बायकामाणसं दुःखात काहीही बोलतात. घरचे कर्ते तुम्ही आहात."

"कर्ता!" पाशा ओरडला. "मी शिकलो ते तिच्या पायांवर. खाल्लं ते तिच्या हातचं. आणि तिच्या घरावर दोनदा मरण चालून आलं, तेव्हा कर्ता कोण, तर मी! एकदा झालो कर्ता, तेव्हा काय केलं ते विचारा मला. विचारा की! नाही विचारणार, कारण तुम्हा सगळ्यांना माहितीये."

जुन्या माणसांनी नजरा खाली वळवल्या.

"पाहुणे म्हणून कॉफी प्यायची असेल तर प्या," पाशा म्हणाला. "मागणं संपलं."

शिब्ली बे उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता. "पन्नास वर्षांत असं दार पाहिलं नव्हतं मी."

"आता पाहिलंत."

एकेक करून दीडशे माणसं निघून गेली. पाशानं मुफ्लेहच्या म्हाताऱ्या बापाचा हात धरला आणि नातवंडांच्या जेवणाचा फिद्दाचा निरोप सांगायला लागला. म्हाताऱ्यानं हात सोडवून घेतला. "तुझ्या घरचं अन्न माझ्या घरात येणार नाही," तो म्हणाला आणि गाडीकडे चालायला लागला. हातिम गाडीचं दार आपटून अम्मानच्या रस्त्याला लागला.

पाशा तसाच कोटावर, फितींसकट, इस्पितळात गेला. अजून चार जणांना झाडावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी पहिल्यांदा एकट्यानं विमान उतरवलेल्या पोरासारखा तो आतून फुलला होता. जिना त्यानं दोन-दोन पायऱ्या गाळत चढला.

फिद्दा जागीच होती. "गेले?"

"गेले."

"प्यायले?"

"एकानंही नाही." मग त्याला थांबवेना. शिब्ली बेचं तोंड कसं उतरलं, सगळे कसे माना खाली घालून निघाले, हातिमची निवडणूक कशी गेली, पुढच्या शुक्रवारी लग्नाच्या एका जाहासाठी त्याला नेणार होते त्या लोकांनी वाटेतच फोन करून 'राहू द्या' कसं सांगितलं, सगळं त्यानं सांगितलं. "पण मी नाही म्हटलं, फिद्दा. दीडशे माणसांच्या तोंडावर. तू म्हणालीस तस्सं."

फिद्दा ऐकत होती. डाव्या हातानं तिनं मेलेला उजवा हात उचलून नीट पोटावर ठेवला.

"तुला कुणी मारलं का?"

"नाही. कोण मारतंय?"

"घर जाळलं?"

"नाही गं."

"आभाळ कोसळलं?"

पाशा हसायला लागला होता. तिच्या तोंडाकडे बघून तो थांबला.

"म्हणजे नाही म्हणता येत होतं," फिद्दा म्हणाली, आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.